दोन दोष एकमेकांना झाकतात तेव्हा: १९५१ च्या शेव्हरोले ३१०० चं घरच्या घरी पत्राकाम

डाव्या दाराच्या बिजागऱ्यांत नव्या पिना आणि बुश (पिनेभोवतीची नळकांडी) बसवले, आणि आधी निदान जोर लावून लागणारं दार आता वरच्या मागच्या कोपऱ्यात छपराच्या कडेला घासून अडायला लागलं. खाली, दाराच्या उंबरठ्याशी, मागच्या टोकाला १२ मिलिमीटरची फट. पिना घट्ट होत्या, बुश बरोबर मापाचे होते, कामात कुठे खोट नव्हती. तरी दार पहिल्यापेक्षा वाईट बसत होतं. अशा वेळी हात आपोआप दार वाकवण्याकडे जातो, किंवा कड घासून काढण्याकडे, किंवा सरळ लांबी (पुट्टी) भरून फट बुजवण्याकडे. या ट्रकवर त्यातलं काहीही केलं असतं तर पुढचं सगळं काम वाया गेलं असतं. दार अडत होतं ते दुरुस्ती चुकली म्हणून नाही, तर एका बरोबर दुरुस्तीने दुसरा लपलेला दोष उघडा पाडला म्हणून.

गाडी

शेव्हरोलेची ‘अ‍ॅडव्हान्स डिझाइन’ मालिका १९४७ च्या मध्यात आली आणि १९५५ च्या सुरुवातीपर्यंत चालली. ३१०० म्हणजे तिच्यातला अर्ध्या टनाचा पिकअप. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर ११६ इंच. १९५१ च्या गाडीला पुढची काच दोन तुकड्यांची असते, आणि दारातली छोटी फिरणारी हवेची काच त्याच वर्षी आली. पेट्रोलची टाकी केबिनच्या आत, सीटच्या मागे उभी. ही गोष्ट वेल्डिंग सुरू करण्याआधी डोक्यात पक्की बसलेली हवी.

बेत कस्टम गाडीचा होता: मूळ चासी ठेवायची, पुढे फोर्ड मस्टँग टू या कारच्या पद्धतीचं, प्रत्येक चाक वेगळं हलू देणारं स्वतंत्र सस्पेन्शन, नवीन इंजिन, आणि पत्रा बाहेरून मूळ आकारातच, फक्त फटी मूळ गाडीपेक्षा नेटक्या. हे ट्रक शेतावर आणि मालवाहतुकीसाठी बनले होते, कारखान्यातूनच त्यांच्या फटी मोठ्या आणि कमी-जास्त असत. म्हणून “मूळ जशी होती तशी” हे माप इथे उपयोगाचं नाही. काय हवं ते आपणच ठरवावं लागतं. मी उघड्या पत्र्यावर ५ मिलिमीटर ठरवलं. प्राइमर, रंग आणि क्लिअर (रंगावरचा पारदर्शक थर) मिळून प्रत्येक कडेवर थोडी जाडी चढतेच, त्यामुळे रंगल्यावर फट साडेचारच्या आसपास येते. याहून कमी फट फोटोत सुंदर दिसते, पण चासी पिळवटली की कडा एकमेकींना लागतात आणि रंगाचे टवके उडतात. शिडीसारखी ही जुनी चासी पिळवटतेच.

सडण्याच्या जागा या मालिकेत ठरलेल्या आहेत: केबिनचे मागचे खालचे कोपरे, दाराखालचे उंबरठे, पाय ठेवायच्या जागेचा पत्रा, दारांचा तळ, पुढच्या मडगार्डचा मागचा खालचा भाग. सगळीकडे कारण एकच. वरून आलेली माती आणि पाला दुहेरी पत्र्याच्या पोकळीत साचतो, पाणी निघून जायची भोकं बुजतात आणि ओल आतल्या आत राहते. बाहेर फुगवटा दिसतो तेव्हा आतला पत्रा बहुतेक संपलेला असतो.

या केबिनवर पूर्वी कुणीतरी काम केलेलं होतं. फडक्यात गुंडाळलेला लहान चुंबक पत्र्यावरून फिरवला तर डाव्या मागच्या कोपऱ्यावर तो धरतच नव्हता. लांबी खरवडल्यावर कुठे कुठे ती १२ मिलिमीटर जाड निघाली. तिच्याखाली फायबरची जाळी, तिच्याखाली जुन्या सडक्या पत्र्यावर चढवून रिव्हेट मारलेलं ठिगळ. आतल्या उंबरठ्याला कुणी हातही लावलेला नव्हता. उजवी बाजू त्या मानाने बरी होती: गंज होता, पण आतला सांगाडा शाबूत. ती बाजू पुढे फार कामाला आली.

दार काय सांगत होतं

दार पुढच्या खांबावर टांगलेलं असतं आणि मागच्या खांबात अडकतं. बिजागरीच्या पिना झिजल्या की दाराचं मागचं टोक खाली येतं. दोन बिजागऱ्यांमधलं अंतर दाराच्या रुंदीपेक्षा कमी असतं, म्हणून पिनांमधला थोडासा झोल मागच्या टोकाला वाढून दिसतो. उलट, केबिनचा मागचा भाग खाली बसला तर मागचा खांब आणि उंबरठ्याचं मागचं टोक खाली जातं. दार पुढच्या खांबावर होतं तिथेच राहतं. मग दार मागे उंच गेल्यासारखं दिसतं: वर घासतं, खाली फट उघडते.

म्हणजे दार मागे पडलेलं दिसलं तर आधी बिजागरी तपासायची, चढलेलं दिसलं तर केबिनकडे बघायचं. हा नियम साधा आहे, पण दोन्ही दोष एकत्र असले की तो फसतो, आणि इथे नेमकं तेच झालं होतं. केबिन डावीकडे मागे बसली होती आणि पिना जवळजवळ तितक्याच झिजल्या होत्या. केबिन खाली गेली, तिच्यासोबत दारही लोंबलं, आणि वरवर दोघांची जोडी जमून राहिली. पिना नव्या झाल्या तसं दार आपल्या खऱ्या जागी वर गेलं आणि केबिनचा दोष बारा मिलिमीटरच्या फटीतून बाहेर आला.

याची खात्री मापाने करायची, नजरेने नाही. चासीखाली टेकू न देता ट्रक सपाट जागी चाकांवर उभा केला. इंजिन जागेवर होतं. काचा, सीट आणि टाकी यांच्या जागी तेवढ्याच वजनाच्या पिशव्या ठेवल्या. चासी रिकामी असताना घेतलेलं माप गाडी भरल्यावर खरं राहत नाही. मग दोन्ही दारांच्या चौकटींचे कर्ण मोजले: वरच्या पुढच्या कोपऱ्यातून खालच्या मागच्या कोपऱ्यात, आणि खालच्या पुढच्यातून वरच्या मागच्यात. मोजायचे बिंदू दोन्ही बाजूंना तंतोतंत तेच हवेत, म्हणून पत्र्याच्या घडीवर पंचाने खुणा केल्या. उजव्या चौकटीशी ताडलं तर डावीकडचा पहिला कर्ण ५ मिलिमीटर लांब आणि दुसरा जवळपास तेवढाच आखूड निघाला. नुसता एक कर्ण बदलला असता तर चौकट एखाद्या कोपऱ्यात ठोकर बसून वाकली असं म्हणता आलं असतं. एक वाढून दुसरा तितकाच घटतो तेव्हा आयत सरकून समांतरभुज झालेला असतो, म्हणजे अख्खा मागचा खांब खाली आलेला असतो.

आता प्रश्न राहिला, खांब खाली का आला. केबिनचे बोल्ट सैल करून मागच्या माउंटखाली, म्हणजे केबिन चासीवर टेकते त्या रबरी आधाराखाली, पातळ पट्ट्या सरकवून पाहिल्या. केबिन उचलली गेली, पण चौकटीचे कर्ण जवळपास तेच राहिले. म्हणजे दोष रबरी माउंटमध्ये नव्हता. आतला उंबरठा आणि मागची आडवी पट्टी सडून केबिन आपल्याच वजनाने बसली होती, आणि जुन्या ठिगळाने ती बसलेल्या अवस्थेतच जखडून टाकली होती.

आधी मोकळं करा, मग आधार द्या

घरी काम करणाऱ्यांना पहिला सल्ला मिळतो तो असा: कापण्याआधी केबिनच्या आत लोखंडी नळ्यांचा आधार वेल्ड करा. सल्ला बरोबर आहे, पण केबिन सरळ असेल तेव्हाच. बसलेल्या केबिनला आधार दिला तर तिचा वाकडेपणाच कायमचा होतो. वाकड्या चौकटीत नवे पत्रे कितीही सफाईने लावा, दार कधीच बसणार नाही. मला या सगळ्या कामातली सर्वात मोलाची गोष्ट हीच वाटते.

म्हणून क्रम उलटा घेतला. बॅटरी काढली, टाकी आधीच बाहेर होती. सीटमागचा जुना नमदा आणि डांबरी पत्रे खरवडून टाकले, कारण ठिणगीने पेटणाऱ्या गोष्टी केबिनमध्ये त्याच असतात. जुन्या ठिगळाचे रिव्हेट ड्रिलने काढले आणि बाहेरचा उंबरठा दोन्ही टोकांना मोकळा केला. पुरता कापला नाही, फक्त जखड सुटेल इतकाच. मग मागच्या खांबाच्या मुळाशी सागवानी फळी ठेवून खालून जॅक लावला. फळी हवीच, नाही तर जॅकचं डोकं सडक्या पत्र्यातून वर घुसतं. थोडं उचला, मोजा, पुन्हा थोडं उचला. कर्ण जुळले तिथे थांबलो नाही. पत्रा परत येतो हे धरून दीडेक मिलिमीटर पुढे नेलं, जॅक सोडला, तेव्हा कर्ण उजव्या बाजूशी येऊन टेकले.

यानंतर २५ मिलिमीटरच्या चौकोनी नळ्यांचा आधार दिला: पुढच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत दोन, चौकटीत एक तिरकी, आणि केबिनच्या आडवी एक, डाव्या खांबाकडून उजव्याकडे. दार लावून बघता येईल अशा बेताने नळ्या आतल्या बाजूला घेतल्या. ही काळजी घेतली नाही तर आधार काढल्याशिवाय दार टांगता येत नाही, आणि आधार काढला की तो दिलेला असण्याला अर्थ राहत नाही.

मग सडका भाग कापला. आतला उंबरठा, मागची आडवी पट्टी, बाहेरचा उंबरठा, कोपरा, याच क्रमाने नवे भाग आले, आणि प्रत्येक भाग आधी नुसत्या टाक्यांवर, म्हणजे वेल्डच्या सुट्या ठिपक्यांवर, बसवला. टाके मारले की दार टांगायचं, लॅच लावायचं, फटी बघायच्या, दार काढायचं. दाराचं रबर लावूनही एकदा बघितलं. हे बरेच जण रंगानंतर करतात आणि मग दार केबिनच्या पातळीबाहेर उभं राहिलेलं दिसतं, कारण नवं रबर जुन्या दबलेल्या रबरापेक्षा जाड आणि कडक असतं. ही चार-पाच मिलिमीटरची चूक पत्रा टाक्यांवर असताना सुधारता येते, रंग झाल्यावर नाही.

कोपऱ्याचं वेल्डिंग

केबिनचा मागचा कोपरा बाजारात तयार मिळतो आणि तो हवा त्यापेक्षा उंच असतो. पुरता वापरायचा मोह होतो. पण जेवढा वर जाल तेवढा सांधा सपाट पत्र्यात जातो, आणि सपाट पत्रा उष्णतेला सर्वात लवकर हार मानतो. गोलाई आणि घडी पत्र्याला ताठ ठेवते. मी चांगला मूळ पत्रा जिथपर्यंत होता तिथपर्यंतच कापलं आणि सांधा खालच्या गोलाईत ठेवला.

सांधा काठाला काठ भिडवून केला, एकावर एक चढवून नाही. चढवलेला सांधा सोपा असतो, पण दोन पत्र्यांमधल्या चिरेत पाणी धरतो. शिवाय तिथली जाडी दुप्पट असल्याने उन्हात तो भाग शेजारच्या पत्र्यापेक्षा वेगळा तापतो, आणि काही काळाने रंगातून सरळ रेघ दिसायला लागते.

पत्रा वेल्डिंगने वाकडा का होतो हे समजलं की निम्मी भीती जाते. वेल्डच्या जागेचं लोखंड तापून पसरू बघतं, पण भोवतीचा थंड पत्रा त्याला पसरू देत नाही. मऊ झालेलं लोखंड आहे तिथेच दाबलं जाऊन जाड होतं. थंड होताना ते आकसतं, आणि आता ते मुळापेक्षा आखूड असतं. ओढला जातो तो शेजारचा पत्रा. म्हणजे खरा दोष आकसण्याचा आहे, आणि त्यावरचा उपाय ताणण्याचा: वेल्डच्या मागे डॉली (हातात धरायचा लोखंडी ठोकळा) धरून वेल्डवरच हातोडा मारायचा, म्हणजे आखूड झालेलं लोखंड पुन्हा पसरतं. भोवतालचा पत्रा ठोकत बसलं तर तो आणखी ताणला जातो आणि दाबल्यावर टक्‌ आवाज करत आत-बाहेर उडू लागतो.

वेल्डर मिग, म्हणजे वायर आपोआप पुढे सरकवणारा. वायर ०.६ मिलिमीटरची, गॅस ७५ टक्के आर्गॉन आणि २५ टक्के कार्बन डायऑक्साइड. टाके साधारण २५ मिलिमीटरवर, मग प्रत्येक दोन टाक्यांच्या मध्ये एक, मग त्यांच्याही मध्ये. शेजारी शेजारी कधीच नाही. हात लावता येईल इतका पत्रा निवल्याशिवाय त्याच भागात पुन्हा नाही. टाका ग्राइंडरने जवळजवळ सपाट करायचा, हातोडा-डॉलीने ताणायचा, मग पुढचा. मिगचा वेल्ड टिगच्या (वायर हाताने घालायच्या विजेच्या) किंवा गॅसच्या वेल्डपेक्षा कडक असतो, सहज ताणला जात नाही, म्हणून तो टाका-टाका करतच ताणावा लागतो. आणि डॉली आत जायची वाट कोपरा बंद होण्याआधीच असते. ठोकायचं ते सगळं आतलं झाकण लावण्यापूर्वी संपवलं.

एक इशारा इथे द्यायलाच हवा. वेल्डिंगआधी पत्रा पुसायला क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनर अजिबात वापरू नये. त्याचे अंश वेल्डिंगच्या उष्णतेत फॉस्जीन हा विषारी वायू तयार करतात. अ‍ॅसिटोन पुरतं, आणि तेही पूर्ण उडून गेल्यावरच. या वयाच्या गाडीच्या रंगात शिसं असू शकतं, काही जुन्या सांध्यांत शिशाचं भरणही असतं. तिथे ग्राइंडर नाही. कानस किंवा खरवडणी, आणि तोंडावर योग्य फिल्टरचा मास्क.

छप्पर, बॉनेट आणि बाकीचं

गंज काढायला चासी आणि लहान जाड भाग ब्लास्टिंगला (जोराच्या हवेने वाळूसारखे कण मारून साफ करायला) दिले. छप्पर, बॉनेट आणि दारांचे बाहेरचे पत्रे दिले नाहीत. जोराच्या ब्लास्टिंगमध्ये कणांचा मारा पत्र्याची एकच बाजू ठोकून पसरवतो, आणि मोठा सपाट पत्रा लाटेसारखा उठतो. तो पुन्हा सरळ करणं हे मूळ गंजापेक्षा मोठं काम. तिथे रंग काढायची चकती आणि रसायन वापरलं. फॉस्फरिक आम्लाचं गंजनाशक वापरलं त्या जागा भरपूर पाण्याने धुऊन वाळवल्या, कारण आम्लाचा थर राहिला तर इपॉक्सी प्राइमर धरत नाही.

बॉनेटवर दोन उंचवटे होते. ते ताणलेल्या पत्र्याचे, म्हणून हातोड्याने बसणारे नव्हते. श्रिंकिंग डिस्क, म्हणजे ग्राइंडरवरची दात नसलेली स्टीलची गुळगुळीत चकती, उंच भागावर घासून तो तापवते आणि ओल्या फडक्याने निववला की तो आकसतो. खोल भागाला ती लागतच नाही, त्यामुळे उंचवटा नेमका कुठे आहे ते ती आपणहून दाखवते.

मडगार्ड बोल्टवर बसतात, म्हणून त्यांचा क्रम नेहमी दारानंतर: आधी केबिनमध्ये दार, मग दाराशी मडगार्ड, मग मडगार्डांशी बॉनेट. उजव्या मडगार्डची मागची कड दारापासून ८ मिलिमीटर दूर राहत होती. बोल्टची भोकं लांबवून ती दोनेक मिलिमीटर जवळ आली, उरलेल्यासाठी कडेवर वेल्डचा थर चढवून तो कानशीने घासला. फट घट्ट करण्याचा हाच टिकाऊ मार्ग आहे. कडेवर लांबी लावून फट भरली की पहिल्या आदळण्याला ती निघते.

लांबी आणि रंग

लांबीला मी वाईट मानत नाही. ती चांगली वस्तू आहे, फक्त तिचं काम शेवटच्या मिलिमीटरचं. उघड्या पत्र्यावर इपॉक्सी प्राइमर, तो नीट घासून त्यावर लांबी; घासल्यावर कुठेही ३ मिलिमीटरपेक्षा जास्त उरायला नको. हार्डनर (लांबी कडक करणारं मिश्रण) वजनाने साधारण २ टक्के. जास्त घातलं तर पुढे रंगावर डाग उमटू शकतात, कमी पडलं तर ती कधीच पुरती सुकत नाही. आणि ती पाण्याने घासायची नाही, कारण लांबी सच्छिद्र असते, पाणी पिते, आणि ते पाणी प्राइमरखाली अडकतं.

घासायला लांब ठोकळा: आधी ८० नंबरचा सँडपेपर, मग १८०, तिरक्या दिशेने आलटून पालटून. हातात नुसता कागद धरून घासलं तर बोटांच्या मधल्या जागा पत्र्यावर उमटतात. दार आणि कोपरा एकत्र, दार लावलेलं असताना, फटीच्या आरपार ठोकळा फिरवून घासले. वेगवेगळे घासले तर प्रत्येक भाग स्वतःपुरता सपाट होतो पण एकमेकांशी पातळी जुळत नाही.

इपॉक्सी घरी मारला, बाकीचं भाड्याच्या रंगाच्या खोलीत. कारण पैसा किंवा चकाकी नाही. दोन घटकांच्या युरेथेन प्राइमर, रंग आणि क्लिअरच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. ते श्वासातून गेले की माणसाला कायमचा दमा जडू शकतो, आणि एकदा शरीर संवेदनशील झालं की पुढे अगदी थोड्या मात्रेलाही त्रास होतो. त्यांचा वास वेळेवर कळत नाही, म्हणून कोळशाचा फिल्टर संपल्याचं लक्षातही येत नाही. त्यासाठी बाहेरून ताजी हवा पुरवणारा मास्क आणि हवा खेचून घेणारी खोली लागते. घराच्या गॅरेजमध्ये, शेजारच्या खोलीत माणसं असताना, हे करू नये असं माझं ठाम मत आहे.

रंगानंतर उंबरठे, कोपरे आणि दारांच्या पोकळीत लांब नळीने मेण फवारलं. पाण्याची भोकं मेणाने बंद झाली नाहीत ना ते प्रत्येक भोकात तार घालून पाहिलं.

ट्रक काही काळ चालवल्यावर नवीन रबरी माउंट अपेक्षेप्रमाणे दबले. डाव्या दाराची वरची मागची फट सुमारे एक मिलिमीटर घटली, उजवी त्याहून थोडी कमी. डाव्या मागच्या माउंटखाली एक पातळ पट्टी टाकली आणि बोल्ट पुन्हा कसले. चौकटीचे कर्ण पंचाच्या त्याच खुणांवरून परत मोजले. दोन्ही बाजू एका मिलिमीटरच्या आत जुळतात.